मेंदूचे लाल बूट

मेंदू माणसाला जन्मतःच मिळतो. त्याला वयाची अट नाही. निसर्गाचा हा ढिसाळपणा निस्तरण्याचं काम मुलांची पुस्तकं छापणाऱ्या संस्थांकडे आलेलं आहे, आणि त्या ते अतिशय चोख करतात.

अशाच एका नामांकित संस्थेने 'आपला मेंदू' हे पुस्तक (वयोगट आठ ते बारा, चित्रं रंगीत) काढायचं ठरवलं आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंना ते लिहायला सांगितलं. बाईंनी लगेच होकार दिला, कारण त्यांना एक पान लिहायचं होतं. त्या पानापायी उरलेली त्रेसष्ट पानं लिहायची त्यांची तयारी होती.

त्याचं असं झालं, की बाईंचे वडील विसरू लागले होते. आधी चष्मा, मग घराचा मजला, मग नात. नऊ वर्षांची नात खोलीत आली की ते सावरून बसत आणि अदबीने विचारत, "कोण आपण? कोणाकडे आलात?" एका संध्याकाळी नातीने आईला गाठलं.

"आई, मी काही केलं का गं? आजोबा माझ्यावर रागावलेत?"

बाईंनी सांगायला तोंड उघडलं, आणि कपडे वाळत घालायचे राहिलेत म्हणून त्या निघून गेल्या. वर्गभर मुलांना फळ्यावर मेंदू काढून दाखवणाऱ्या बाईंना घरात एका मुलीला चार वाक्यं सांगता येईनात. म्हणून त्यांनी ती लिहिली: 'आठवणी ठेवणारा मेंदूचा भाग कधी कधी आजारी पडतो. मग आपलंच माणूस आपल्याला ओळखत नाही. ते रागावलेलं नसतं. तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही.'

"थांब हं, पुस्तकात येणार आहे," असं त्यांनी मुलीला सांगून ठेवलं. मुलगी थांबली. मुलं थांबतात, दुसरं करणार काय?

संस्थेची पद्धत मोठी शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक पुस्तक सोमवारी दुपारच्या जेवणानंतर समितीपुढे मोठ्याने वाचलं जाई, आणि ज्या वाक्यावर कोणालाही प्रश्न पडेल ते वाक्य काढलं जाई. (मोठ्यांनाच जिथे प्रश्न पडतो तिथे पोरांची काय कथा!) समितीत अध्यक्ष, चित्रकार, विक्रीप्रमुख, अध्यक्षांच्या मेहुणी (मुलांची आवड असल्यामुळे) आणि एक बालप्रतिनिधी असे पाच जण होते. बालप्रतिनिधीला नेमलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. निवृत्तीचं वय नियमात घालायचं राहून गेल्याने आता तो एकोणतीस वर्षांचा होता आणि त्याला भरघोस मिशा होत्या. खुर्ची मात्र त्याला अजून ती छोटी पिवळीच मिळे. पुस्तक संपलं की "छान आहे, मजा आली" म्हणायचं, हे त्याचं काम, आणि त्यात त्याने कधी कसूर केली नव्हती.

वाचन सुरू झालं. 'चेतापेशी' या शब्दावर मेहुणींनी विचारलं, "म्हणजे काय बाई?" चेतापेशी गेल्या. मग त्या एकमेकींना निरोप कसे देतात हे प्रकरण निराधार झालं, तेही गेलं. मेंदूच्या वजनाबद्दल विक्रीप्रमुखांनी "कवटीसकट का?" असं विचारल्यामुळे मेंदूचं वजन गेलं. झोपेत मेंदू काय करतो, हे प्रकरण चालू असताना तिघांचा डोळा लागला होता. त्यावर काहीच प्रश्न न आल्याने ते बहुमताने मंजूर झालं.

"खरा मेंदू दाखवला तर मुलं दचकतील," चित्रकार म्हणाले. "मी त्याला हसरं तोंड, हातपाय आणि लाल बूट काढतो."

"अहो, पण तोंड आणि हातपाय असलेला मेंदू विचार कशाने करणार?" बाईंनी विचारलं.

"बाई, प्रश्न समितीने विचारायचे असतात," अध्यक्षांनी समजूत घातली. बूट मंजूर झाले.

बाईंनी मनाशी हिशेब केला. पेशी गेल्या तर गेल्या, वजन गेलं तर गेलं. आपलं एक पान राहिलं म्हणजे मिळवली. ते पान आता सरकत सरकत सातवर आलं होतं.

ते वाचलं गेलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मेहुणींनी पर्समध्ये पाहिलं. सुटलो, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात पिवळ्या खुर्चीतून घोगरा आवाज आला.

"मग... त्या माणसाला परत कधीच आठवत नाही का?" बालप्रतिनिधी खाली बघत होता. "माझी आई हल्ली मला दादा म्हणते. तिच्या भावाला म्हणायची तसं."

नियमापुढे कोणाचं काय चालणार? पान गेलं. बालप्रतिनिधीही गेला. मुलांच्या वतीने समाधान व्यक्त करण्यासाठी त्याला नेमलेलं होतं. प्रश्न विचारायला मुलं काय कमी आहेत?

"एवढं एक पान ठेवा हो," बाई उठून उभ्या राहिल्या. "हवं तर बाकीचं सगळं काढा."

"बाकीचं सगळं काढलंच आहे," विक्रीप्रमुख म्हणाले. "आणि असली रडकी पानं घातली, तर वाढदिवसाला भेट म्हणून कोण घेईल?"

त्या जागी 'मेंदूला त्याचे बूट शोधून द्या' हे कोडं छापलं गेलं. (ते इतकं सोपं होतं, की समितीतल्या दोघांना ते सुटलं.)

पुस्तक हातोहात खपलं. संस्थेने केलेल्या पाहणीत शंभरातल्या शंभर मुलांना ते वाचून एकही प्रश्न पडला नाही. (पैकी ब्याण्णव जणांच्या पालकांनी ते मळेल म्हणून कपाटात वर ठेवलं होतं.)

बाईंच्या घरी मात्र ते उघडलं गेलं. मुलीने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, मग शेवटाकडून पाहिलं. बाई दारात उभ्या होत्या. या खेपेला विचारलं तर सांगायचंच, रडू आलं तरी सांगायचं, असं त्यांनी घोकून ठेवलं होतं. मुलीने विचारलं नाही. पेन्सिल घेऊन तिने मेंदूला त्याचे बूट शोधून दिले आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती आजोबांच्या खोलीत पाण्याचा पेला घेऊन गेली. "कोण आपण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. शेजारची," ती म्हणाली, आणि पेला ठेवून बाहेर आली.

संस्थेच्या कसोटीला पुस्तक इथेही उतरलं, हे मान्य करायला हवं.

पिवळी खुर्ची तेव्हापासून रिकामी आहे. उमेदवार हसतमुख असावा आणि त्याला गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची सवय असावी. त्या मुलीला पुढे कोणी काही सांगितलं की नाही, असला प्रश्न त्याला पडता कामा नये. तुम्ही हसत हसत इथवर आलाच आहात. पडला का तुम्हाला? नसेल, तर सोमवारी जेवण करून या. खुर्ची जरा लहान आहे, पण बसता येतं.