माईंचा चार नंबरचा पाय

सासूचा पाय मोजायला बसणारा जावई माईंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पाहिला तो लेकीच्या घरी, आपल्याच पायाशी. संध्याकाळी माई स्वयंपाकघरात स्टुलावर टेकल्या होत्या. या गृहस्थाने फरशीवर कागद पसरला आणि जरा यावर उभ्या राहा म्हणाला. खाली काही सांडलंय असं समजून माई उभ्या राहिल्या, तर हा पायाभोवती पेन्सिल फिरवून मोकळा!

जावई मोजणीदार. दिवसभर लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि घरी आल्यावर उरलेलं जग मोजायचं, हा त्याचा खाक्या. पडदे मोजले, फ्रिजमागची फट मोजली. एकदा तर दूध उतू जायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं, आणि बरोबर तेवढ्या वेळात दूध उतू गेलं. तिथवर माईंची हरकत नव्हती. पण सासूचा पाय, आणि तोही दिवसभराच्या कामाने सुजलेला? त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. चालायच्या बुटांचं माप संध्याकाळीच घ्यावं, कारण चालून चालून पाय तेवढाच सुजतो.

बूट लागणार होते कारण पुढच्या महिन्यात सगळे पाच दिवस डोंगरात चालायला जाणार होते. नातीने दोन्ही आज्यांना चला म्हटलं होतं. विहीणबाई रोज सकाळी तळ्याला फेरी मारत, त्यामुळे त्यांचं जाणं पक्कं. माईंना मात्र जावयाने अट घातली: तळ्याची सहा किलोमीटरची एक फेरी पुरी करा, मग चला. नाहीतर नात पाच दिवस एकट्या विहीणबाईंच्या ताब्यात. पाच दिवसांत ती बाई पोरीला काय काय शिकवून ठेवील, या विचाराने माईंना घास गोड लागेना.

बूट आले. सहा नंबरचे.

आता माईंच्या पायाबद्दल थोडं सांगायला हवं. शाळा तिसरीत सुटल्यामुळे मिरवायला त्यांच्याकडे कागद नव्हता, पाय होता. लग्नातल्या चपला चार नंबरच्या. त्यानंतर चाळीस वर्षं त्यांनी कुठल्याही दुकानात पाय पुढे केला नाही, नुसतं "चार" म्हणायच्या. अलीकडे टाच चपलेच्या मागे दोन बोटं बाहेर येई, तो दोष हल्लीच्या चपला बनवणाऱ्यांच्या दानतीचा. विहीणबाईंचा पाय सात नंबरचा. लेकीची सोयरीक जुळत होती तेव्हा दारातल्या चपला पाहून माईंनी हळूच विचारलं होतं, व्याही कुठे बसलेत? व्याही त्या दिवशी आलेच नव्हते. हा किस्सा माईंनी गेल्या दहा वर्षांत घरोघर पोचवला होता.

तेव्हा सहा नंबर घरात राहणं शक्य नव्हतं. दुसऱ्याच दिवशी माई खोका काखोटीला मारून दुकानात हजर झाल्या. दुकानदार जुना माणूस. त्याने समजावलं की मोजे जाड घाला, बुटात पुढे अंगठ्याएवढी जागा सुटू द्या, टाच आत वरखाली होता कामा नये, आणि आठ दिवस घरातल्या घरात घालून हिंडा, म्हणजे फोड येत नाहीत. माईंनी हे सगळं परगावच्या हवामानासारखं ऐकून घेतलं. निदान पायात घालून तरी बघा, असं तो अजिजीने म्हणाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा पाय मी जन्मापासून बघतेय. तुम्ही चार काढा."

त्याने चार काढले, आणि हे परत घेणार नाही असंही बजावलं.

नंबर कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून बूट आठ दिवस कपाटात राहिले. रविवारी पहाटे जाड मोजे घालून पाय आत जाईना, म्हणून माईंनी मोजे काढून फेकले. तळ्याच्या फाटकाशी जावई घड्याळ घेऊन उभा राहिला, नात त्याच्याशेजारी, आणि दोघी विहिणी निघाल्या.

पहिला किलोमीटर माई दिमाखात चालल्या. दुसऱ्यात टाचेशी कुणीतरी निखारा ठेवला. तिसऱ्यात दुसऱ्या टाचेशीही ठेवला. आता थांबायला कारण हवं. माई बदकं बघायला थांबल्या. झाडाचं खोड निरखायला थांबल्या. पाण्यात उतरू नये, ही पाटी अक्षर अक्षर लावत त्यांनी तीनदा वाचली. विहीणबाईंना भरून आलं. इतकी वर्षं आपण नुसत्या धावलो, बघायचं कसं ते आज कळलं, असं म्हणून त्याही प्रत्येक झुडपापाशी थांबू लागल्या. फेरी संपता संपेना.

चौथ्या किलोमीटरला पंपघराच्या आडोशाला माईंनी बाकावर बसकण मारली आणि बूट उपसले. टाचांवर द्राक्षांएवढे टपोरे फोड. सुटका झालेले पाय असे ऐसपैस पसरले की पुन्हा आत जायचं नावच काढीनात. खडा गेला असेल म्हणून विहीणबाईंनी बूट उचलून झटकला, आणि बुटाच्या जिभेमागचा आकडा वाचला. मग माईंचा पाय पाहिला. मग पुन्हा आकडा.

माईंनी मान ताठ केली. दहा वर्षांची परतफेड आता एकरकमी होणार होती.

"मी पण पन्नाशीपर्यंत पाचच म्हणायची," विहीणबाई म्हणाल्या. "दोन नखं गेली, मग सात म्हणायला लागले." एवढं बोलून त्यांनी आपल्या पिशवीतून चिकटपट्ट्या काढल्या, फोडांवर बसवल्या, स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, पायातली वरची मोज्यांची जोडी उतरवली आणि बुटांसकट माईंपुढे ठेवली. त्या एकावर एक दोन मोजे घालत, तेही माईंना तेव्हाच कळलं.

उरलेले दोन किलोमीटर माई सात नंबरात चालल्या. बुटात काहीतरी खोट सापडेल म्हणून पावलापावलाला शोधत होत्या. सापडली नाही.

फाटकाशी नातीने आधी टाळ्या वाजवल्या, मग तिची नजर खाली गेली. तिकडची आजी नुसत्या मोज्यांवर, हातात चिमुकले बूट घेऊन. विहीणबाईंनी सांगून टाकलं की फेरी पुरी झाली, मी साक्षीला आहे. जावयाने बूट हातात घेतले, आकडा वाचला, खिशातून तो पेन्सिलीचा कागद काढून उलगडला आणि नम्रपणे म्हणाला की आपण सहा आणले होते, ते सहाच बरोबर होते.

नात बघत होती. विहीणबाई बघत होत्या. पाय चारचा, हे आता देवालाही पटवता आलं नसतं. पण म्हणून जावई बरोबर?

माईंनी विहीणबाईंच्या बुटातला पाय पुढे केला, चवडा दोनदा वरखाली केला आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुमची मोजणी चुकली. माझा पाय सातचा आहे. लोकांच्या जमिनी तरी नीट मोजता ना?"