पंपाच्या आधी की नंतर?

"दादा, हा फिल्टर पंपाच्या आधी लावायचा की नंतर?"

धाकट्याने हे विचारलं तेव्हा दादा मोटारसायकलला किक मारत होता. नळीच्या क्लिपा कमी पडल्या होत्या, त्या आणायला निघालेला. "आलो की दाखवतो," एवढंच म्हणाला आणि गेला. क्लिपा घेऊन दुकानाच्या पायरीवर जरा टेकला, तो टेकलाच. छातीत कळ आली म्हणे. क्लिपा घरी आल्या, दुकानदार स्वतः आणून देऊन गेला. उत्तर मात्र आलं नाही.

तेव्हापासून धाकट्याला एका जागी बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्याने घरातला पंखा उघडून साफ केला (आधी तो फिरत होता). मग दाराचं कुलूप उघडून त्यात तेल घातलं (आधी ते लागत होतं). बाबा त्याला लहानपणापासून भिरभिऱ्या म्हणायचे. आता म्हणू लागले, "भिरभिऱ्या, त्या इस्त्रीकडे नुसतं बघितलंस तरी हात पोळवीन."

घरात लाँड्री होती. पुढच्या खोलीत बाबांचं इस्त्रीचं टेबल, मागच्या अंगणात वहिनीचं धुलाईचं मशीन आणि शेजारी पत्र्याखाली दादाची जुनी व्हॅन. व्हॅनच्या इंजिनावरचा पेट्रोल-पंप मेला होता. त्याजागी दादाने नवीन, विजेवर चालणारा पंप आणला, टाकीजवळ खाली घट्ट बसवला, आणि क्लिपा आणायला गेला. राहिले होते फक्त फिल्टर. एक मोठ्या जाळीचा, आरपार दिसेल असा. दुसरा बारीक, आत घड्याघड्यांचा कागद. कोणता कुठे, हाच काय तो प्रश्न.

धाकटा आधी दुकानदाराकडे गेला.

"बसवणाऱ्याला विचारा," दुकानदार म्हणाला.

"मीच बसवणार आहे."

"मग तुम्हाला माहीत असेल."

तिथून तो गॅरेजवाल्याकडे गेला. गॅरेजवाला एका गाडीखालून बाहेर न येताच म्हणाला, "गाडी घेऊन या, बघू."

"गाडी चालत असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

"मग ढकलत आणा."

रस्त्यात भेटलेल्या टॅक्सीवाल्यालाही विचारून झालं. त्याने फार विचार केला, हनुवटी खाजवली, आणि दादा कसा गेला ते विचारलं. धाकटा उलट्या पावली घरी आला.

घरी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन येऊन गेलेला. हॉटेलच्या चादरी आणि टेबलक्लॉथ म्हणजे लाँड्रीचं निम्म्याहून जास्त काम. व्हॅन बंद पडल्यापासून भाड्याच्या रिक्षातून गठ्ठे जात होते, उशिरा आणि चुरगळून. मॅनेजरने सरळ सांगितलं होतं : उद्या माल वेळेवर, स्वतःच्या गाडीतून आला नाही तर काम दुसऱ्या लाँड्रीला.

"भंगारवाल्याला विचारून बघते," वहिनी चादर पिळत म्हणाली. "व्हॅन देऊन टाकू. नाहीतरी उभीच आहे. आणि हॉटेल गेलं की न्यायला तरी काय राहणार आहे?"

"वहिनी, उद्या सकाळी गाडी दारात उभी असेल!"

"आत्ताही दारातच उभी आहे," आतून बाबा म्हणाले. "चालेल का ते सांग."

झालं. शब्द तोंडातून गेला होता. धाकटा दुपारीच गाडीखाली शिरला.

आता त्याने काय डोकं चालवलं ते पाहा. शाळेशी त्याचं फारसं पटलं नव्हतं, पण लाँड्रीत तो वाढला होता. मशीनमध्ये पाणी जाण्याआधी नळाच्या तोंडाला बारीक मलमल बांधायची, म्हणजे गंज आत जात नाही आणि पांढऱ्या कपड्यावर डाग पडत नाहीत. ही गोष्ट या घरात मुलांना चालण्याच्याही आधी शिकवतात. मग पेट्रोलचं वेगळं काय? नवा कोरा पंप, महागाचा, दादाने हौसेने आणलेला. त्याच्या तोंडात कचरा जाऊ द्यायचा? छे! त्याने कागदाचा बारीक फिल्टर पंपाच्या आधी बसवला आणि मोठ्या जाळीचा पंपाच्या नंतर. (एक बारीक फिल्टर त्याने जास्तीचाही आणला होता. पंपाभोवती चारी बाजूंनी फिल्टर लावता आले असते तर त्याने तेही केलं असतं.)

चावी फिरवली. पंप टकटकला. इंजिन खोकलं, शिंकलं आणि सुरू झालं! धाकट्याने अंगणात अशी उडी मारली की दोरीवरची चादर डोक्यावर घेऊनच तो खाली आला. वहिनी दारात उभी राहून तो आवाज ऐकत होती. आत जाऊन गठ्ठे बांधायला लागली.

सकाळी स्वारी निघाली. चालवायला वहिनी, कारण दादाने तिला शिकवलं होतं. (धाकट्यालाही शिकवलं होतं, पण लायसन्सच्या परीक्षेत तो दर वेळी एकाच खांबाला भेटून परत यायचा.) मध्ये बाबा, मांडीवर इस्त्रीचे टेबलक्लॉथ आणि हातात खळीची फवारणीची बाटली, वाटेत घडी मोडली तर दुरुस्तीला. कडेला धाकटा, घाईत चपला घालायच्या विसरलेला.

सपाट रस्त्यावर गाडी झकास पळाली. चढ लागला आणि गाडी धापा टाकू लागली. पंप खालून केविलवाणा रडायला लागला. चढाच्या मधोमध गाडी बंद.

"थांबा, थांबा, पंपाला जरा दम खाऊ द्या," धाकटा म्हणाला.

दम खाल्ल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली, चार हात पुढे गेली आणि पुन्हा मेली. मागे एक बस येऊन थांबली. बसमागे टेम्पो. टेम्पोमागे सगळं गाव असावं असे हॉर्न.

धाकटा खाली उतरला. त्याने टाकीचं झाकण उघडून आत फुंकर मारली. टाकीनेही त्याच्या तोंडात पेट्रोलची फुंकर मारली.

"चूळ भर," बाबा खिडकीतून म्हणाले. "आणि कोणाशी गरम डोक्याने बोलू नकोस, पेटशील."

"फिल्टर आहे, पंप आहे, पेट्रोल आहे, मग हिला हवंय तरी काय!" धाकट्याने टायरला लाथ मारली. पायात चपला नाहीत हे त्याला लाथ बसल्यावर कळलं. एका पायावर नाचत तो ओरडला, "दादाला एक शब्द सांगून जायला काय झालं होतं? एकच शब्द! आधी, नाहीतर नंतर!"

वहिनी स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत होती. "मला तरी कुठे काय सांगून गेले," ती म्हणाली. मग तिने नाक पुसलं. "भाऊजी, हा पंप ओढतो की ढकलतो?"

"दोन्ही. ढकलताना मर्दासारखा. ओढताना रडतो."

वहिनीने बाबांच्या हातातली बाटली घेतली आणि धाकट्यासमोर धरली. "खळीत बुडालेल्या नळीच्या टोकाला काय आहे?"

"जाळी."

"केवढी?"

"मोठी. गाठी अडतील एवढी."

"आणि बारीक भोक कुठे आहे?"

"पुढे. तोंडाशी." धाकट्याचा दुसरा पाय हळूहळू जमिनीवर आला. "वहिनी! नळाच्या पाण्याला वरून जोर असतो, ते मलमलीतून जातं. याला पेट्रोल स्वतः ओढायचंय! मी त्याच्या तोंडावर उशी दाबली!"

"मग आता काढा ती."

बाबा बाटली परत घेऊन खाली उतरले आणि जमलेल्या बघ्यांपैकी ज्याच्या ओठात सिगारेट दिसेल त्याला फवाऱ्याचा धाक घालून हाकलू लागले. वहिनीने बॅटरीची तार सोडवली. धाकट्याने गाडीतून हाताला लागलं ते फडकं ओढलं, अंथरलं, आणि खाली शिरला. बारीक फिल्टर काढून झटकला तर त्यातून टाकीतला सगळा गंज तांबड्या चहासारखा गळला. मोठ्या जाळीचा फिल्टर टाकी आणि पंपाच्या मध्ये. खिशातला जास्तीचा नवा कोरा कागदी फिल्टर पंपाच्या पुढे, कार्बोरेटरच्या वाटेवर. क्लिपा आवळल्या. दादाच्याच क्लिपा. आवळताना त्याचे डोळे झोंबले. (पेट्रोल होतं, असं त्याने नंतर सांगितलं.)

बाहेर आला तेव्हा बाबा फडक्याकडे बघत होते. ते फडकं नव्हतं. हॉटेलचा टेबलक्लॉथ होता, कडक इस्त्रीचा, आणि त्यावर धाकट्याची पाठ डोक्यापासून कमरेपर्यंत जशीच्या तशी उमटली होती.

"एक कमी पडेल," बाबा शांतपणे म्हणाले. "मॅनेजरला सांगू, आमचा माणूस त्यावर जेवला."

तार जोडली. चावी फिरली. पंप रडला नाही. इंजिन असं गरजलं की वहिनी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तोंडभर हसली.

पण गाडी कडेला सरकलेली आणि मागची बस शेपटीला नाक लावून पुढे घुसायच्या तयारीत. पुन्हा रस्त्यात घेतल्याशिवाय चढ चढणं शक्य नव्हतं. धाकटा बसच्या पुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. "जाऊ द्या वहिनी! थांबू नका! चढावर थांबवू नका!"

वहिनीने ऐकलं. थांबवली नाही. व्हॅन रस्त्यात आली, वळली आणि चढाला लागली. बाबांचा हात खिडकीतून 'अरे, ये!' म्हणत राहिला, पण गाडी इतकी सुरेख पळत होती की धावून गाठणं कोणाच्याही आवाक्यातलं नव्हतं, अनवाणी माणसाच्या तर नाहीच.

धाकटा हात पसरून तसाच उभा. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"दादा, गाडी गेली की तुमची. तुम्हीच राहिलात. आता आम्ही जाऊ का?"

"जरा थांबा," धाकटा मागे वळून बघत म्हणाला. आणि व्हॅन चढ ओलांडून पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत त्याने एकाही गाडीला हलू दिलं नाही.