फ्लॅबरचा पाहुणा

नळांच्या त्या कारखान्यात आत शिरलं की पहिली गाठ इंग्रजी शब्दाशी पडायची. दारातच पांढरा बोर्ड होता. त्यावर रोज एक नवा शब्द, त्याचा अर्थ, उत्पत्ती आणि वापर लिहायचं काम माल पाठवणाऱ्या कारकुनाच्या गळ्यात पडलं होतं. एकही ओळ रिकामी दिसता कामा नये, असा मालकांचा हुकूम. हौस मालकांची आणि डोकेदुखी कारकुनाची, दुसरं काय! नाही म्हणायची सोय नव्हती, कारण त्याला नोकरीत कायम करायचं की नारळ द्यायचा, हे सोमवारी ठरणार होतं.

शुक्रवारचा शब्द होता 'फ्लॅबरगास्ट'. अर्थ सोपा: थक्क करून सोडणे. वापरही जमला. उत्पत्तीपाशी मात्र शब्दकोशानेच हात वर केले होते. म्हणे अज्ञात! अज्ञात म्हणजे रिकामीच ओळ की. त्यातच मार्करची शाई संपली. कारकुनाने टेबलावरचा दुसरा मार्कर उचलला आणि दिलं ठोकून: 'फ्लॅबर नावाच्या गृहस्थाकडे एक पाहुणा आठ दिवसांसाठी आला आणि हलेचना. ते पाहून फ्लॅबर थक्क झाला, त्यावरून.'

तेवढ्यात मालक आले. बोर्डाकडे न बघताच म्हणाले, "आमचे मामेसासरे येतायत दुपारी. जन्मभर इंग्रजी शिकवलंय त्यांनी, बोर्ड तपासतो म्हणाले. चूक निघाली तर सोमवार विसरायचा."

मालक केबिनमध्ये शिरताच कारकुनाने फडकं घेतलं आणि खसाखसा बोर्ड पुसला. शब्द गेला, अर्थ गेला, वापर गेला. उत्पत्ती जागची हलली नाही.

"अहो, हा खोक्यांवर पत्ते घालायचा मार्कर," फोनवाल्या बाई म्हणाल्या. "पावसात भिजला तरी जात नाही, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"मग आता काय करू?"

"उभे राहा बोर्डापुढे. दुसरं काय करणार?"

खरं होतं तेवढं पुसलं गेलं होतं आणि थाप तेवढी चकचकीत उरली होती. कारकून दुपारपर्यंत बोर्डाला पाठ लावून उभा राहिला. जेवायलाही गेला नाही.

मामेसासरे आले. "जरा बाजूला व्हा," म्हणाले आणि वाचू लागले. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो सर."

"स्वतःच्या मनाने?"

आता संपलं सगळं, असं कारकुनाला वाटलं. जीव वाचवायला तो घाईघाईने म्हणाला, "छे छे, बोर्ड मालकांच्या हुकमानेच लिहितो. आधी फक्त अर्थ लिहायचो, पण त्यांना सगळं सविस्तर लागतं."

"अस्सं," मामेसासरे म्हणाले. ते रागावले नाहीत, पण चेहरा एवढासा झाला. समोर आलेला चहा तसाच ठेवून निघून गेले.

सोमवारी केबिनमधून बोलावणं आलं. कारकुनाने डबा पिशवीत भरूनच ठेवला होता.

मालकांनी दार लावून घेतलं. "मामांना काय बोललास तू?"

"काही नाही साहेब. त्यांनीच बोर्ड वाचला."

"शनिवारी सकाळीच बॅग भरून गेले. आठ दिवसांसाठी म्हणून आले होते, वर्ष होत आलं. बायकोचे मामा, बोलणार कोण?" मालक खुर्चीत ऐसपैस टेकले. "काल मी माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून, माझा पेपर पहिल्यांदा वाचला." आणि त्यांनी कायम केल्याचा कागद पुढे सरकवला.

कारकुनाला एवढं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. त्या भरात खरं तोंडातून निसटलं. "साहेब, ती उत्पत्ती मी मनानेच रचली होती. आता थिनर आणून बोर्ड साफ करतो."

"खबरदार हात लावलास तर," मालक म्हणाले. "पुढच्या महिन्यात मेहुणे येतायत, सहकुटुंब."