वरचा कप्पा, खालचा कप्पा

जावईबापूंनी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तोंड बंद ठेवलं असतं, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. औषधांच्या गोदामाचे ते प्रमुख. दिवसभर हमालांवर, ड्रायव्हरांवर आणि फोनवरच्या दुकानदारांवर आवाज चढवायची सवय. घरी आल्यावर ते आवाज उतरवत, बोलणं मात्र चालूच राही.

विषय निघाला तो सासूबाईंच्या दातांचा. सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वर्षभरापूर्वी त्या लेकीकडे राहायला आल्या, तरी ओळखीपाळखीचे सगळे त्यांना अजून ‘बाई’च म्हणत. जावईबापू तोंडावर ‘आई’ म्हणत आणि मनात ‘बाई’. (मनातल्या मनातसुद्धा उभं राहून म्हणत.) बाईंचे समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. त्यामुळे उभ्या आयुष्यात त्या ओठ मिटूनच हसल्या. शाळेतल्या मुलांना वाटे, बाई हसतच नाहीत. शिस्तीला ते बरंच होतं, म्हणून बाईंनीही तो गैरसमज कधी दूर केला नाही.

“मला दात सरळ करून घ्यायचेत,” बाई अचानक म्हणाल्या. “शाळा सुटली, शिस्त सुटली. आता एकदा मोकळं हसावंसं वाटतं.”

“आई, या वयात?” लेकीच्या तोंडून निघून गेलं.

“तेच ना. लोक हसतील. जाऊ दे, मी आपलं सहज बोलले,” असं म्हणून बाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

जावईबापूंनी हातातला घास खाली ठेवला. सासूबाईंचा त्यांना धाक होता, पण त्यांच्यावर जीवही होता. “लोकांचं काय घेऊन बसलात आई? हवं तर मीही लावतो तुमच्याबरोबर. माझे दात तरी कुठे सरळ आहेत?”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “नक्की?”

“शब्द म्हणजे शब्द!”

“मग नीट ऐका. तुम्ही ज्या दिवशी सोडाल, त्याच दिवशी मीही सोडणार. एकटीनं हा वेडेपणा मी करायची नाही.”

टेबलाखालून बायकोनं नवऱ्याच्या पायावर पाय दिला, पण तोवर उशीर झाला होता.

दातांची डॉक्टर वयानं अगदीच लहान निघाली. तिनं दोघांच्या दातांची मापं घेतली आणि समजावून सांगितलं, की हल्ली तारा नको असतील तर प्लास्टिकचे पारदर्शक साचे मिळतात. दातांवर टोपीसारखे बसतात. दर पंधरवड्याला नवा साचा, आणि प्रत्येक साचा दातांना इवलंसं पुढे ढकलतो. खाताना काढायचा, खाल्लं की दात घासून परत घालायचा, बाकी रात्रंदिवस तोंडात. “सुरुवातीला जीभ अडखळेल. नवा साचा घातला की दोन-तीन दिवस आवळेल, दुखेल. दुखतंय म्हणजे दात सरकतायत,” ती म्हणाली. “नीट बसला नाही असं वाटलं, तर ही रबराची गुंडाळी चावत राहायची.”

‘दुखतंय म्हणजे दात सरकतायत’ हे वाक्य जावईबापूंनी मनावर कोरून घेतलं. पुढे ते त्यांना भलतंच महागात पडलं.

पहिले दोन साचे मजेत गेले. बाईंनी तर सगळे नियम अभ्यासक्रमासारखे पाळले. जावईबापूंचं येता-जाता तोंडात काहीतरी टाकणं आपोआप सुटलं, कारण एका शेंगदाण्यासाठी साचा काढा, धुवा, दात घासा, परत बसवा, एवढी यातायात कोण करणार? त्यांची पँट सैल झाली. बायको म्हणाली, “दात राहोत वाकडे. एवढं झालं तरी पैसे वसूल.”

साच्यांची व्यवस्था अर्थातच जावईबापूंकडे होती. त्यांच्या गोदामातून आजवर एकाही दुकानाला चुकीचा खोका गेलेला नव्हता, हे ते दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला सांगत. दवाखान्यातून आणलेली नाव लिहिलेली पाकिटं त्यांनी ‘उगाच पसारा’ म्हणून फेकून दिली आणि नव्या साच्यांच्या दोन सारख्या निळ्या डब्या न्हाणीघरातल्या आरशाच्या कपाटात लावल्या. वरचा कप्पा बाईंचा, कारण मान मोठा. खालचा स्वतःचा. कुणी विचारलं तर सांगायचे, “नावाची गरजच काय? जागा ठरली की माल ठरला.”

पण बाई पडल्या ठेंगण्या. वरच्या कप्प्यासाठी त्या टाचा उंचावून, एका हातानं बेसिन धरून उभ्या असलेल्या जावईबापूंना दिसल्या आणि त्यांना फार वाईट वाटलं. त्या शनिवारी त्यांनी डब्यांची अदलाबदल केली. “आई, आजपासून तुमचा खालचा कप्पा,” असं बजावून सांगितलंही. बाईंनी मान डोलावली आणि लक्षात ठेवलं.

रविवार उजाडला, साचा बदलायचा दिवस. जावईबापूंच्या डोळ्यांवर झोप होती, नाकावर चष्मा नव्हता. अशा वेळी माणसाचा हात सवयीच्या जागीच जातो. तो खालच्या कप्प्यात गेला.

साचा बसेना. जावईबापूंनी दोन्ही अंगठ्यांनी दाबला. एका बाजूनं आत गेला की दुसरीकडून वर येई. रबराची गुंडाळी चावून चावून त्यांनी तो कसाबसा बसवला, तेव्हा कळ थेट कानापर्यंत गेली. डोळ्यांत पाणी आलं. (“काय जोरात सरकतायत!” हा त्यांचा पहिला विचार. माणूस आशावादी होता.) रिकामी डबी जेवणाच्या वेळेसाठी खिशात टाकून कपाट बंद करताना त्यांचं लक्ष वरच्या कप्प्याकडे गेलं. तिथली डबी जशीच्या तशी!

‘म्हणजे बाईंनी नवा साचा घातलाच नाही,’ त्यांच्या मनात आलं. ‘दुखण्याला घाबरल्या बिचाऱ्या. मी जर आत्ता हूं की चूं केलं, तर त्या सोडूनच देतील.’

त्यांनी डोळे पुसले आणि चेहऱ्यावर हसू आणून बाहेर आले. “काय साचा आहे हो आई या वेळचा!” ते म्हणाले. म्हणजे म्हणायचा प्रयत्न त्यांनी केला. शब्द साच्याच्या आतच घोटाळत होते. “लोण्यासारखा बसला. काही म्हणजे काही वाटत नाही!”

बाईंचा चेहरा उतरला. “हो का? छान झालं,” एवढंच म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या. जावईबापूंना वाटलं, बाण बरोबर लागला.

पुढचे पाच दिवस त्यांनी जे सोसलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. जेवताना साचा निघे तो आनंदानं आणि परत बसे तो भांडून. गोदामात एका ड्रायव्हरला उशिरा आल्याबद्दल झापताना अर्धा साचा टपकन बाहेर लटकला. ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, “साहेब, चूक झाली, पण तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.” त्या दिवशी मालाच्या गाड्या वेळेआधी आल्या. संध्याकाळी घरी पुन्हा तेच नाटक चाले, लोण्यासारखा बसलाय आणि काही वाटत नाही. वरची डबी रोज तिथल्या तिथे. जावईबापूंना बाईंची दया येई आणि थोडा रागही येई.

“अहो,” गुरुवारी बायको म्हणाली, “आई काहीतरी शोधतेय. पलंगाखाली, शिवणाच्या पेटीत, आज तर पिठाच्या डब्यात हात घालून बघत होती. विचारलं तर काही नाही म्हणते.”

“असेल काहीतरी,” जावईबापू म्हणाले. खरं तर त्यांना फार बोलवत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी दोघांनाही बैठकीच्या खोलीत बोलावलं. शाळेत पालकांना बोलावून बसवत, तसंच समोर बसवलं. “मी हे सोडतेय,” त्या म्हणाल्या.

जावईबापू टुणकन उठले. “आई, दुखतं म्हणून सोडू नका! पहिले दोन दिवस...”

“दुखायला तोंडात नवा साचा असावा लागतो. मी अजून जुनाच घालतेय,” बाई म्हणाल्या. “माझा नवा साचा हरवलाय. रविवारी बघितलं तर कप्पा रिकामा. तुम्ही सांगितलेलं मला स्वच्छ आठवतं, खालचा कप्पा. तिथून मी डबी कुठे नेली, ते काही केल्या आठवत नाही. सगळं घर पालथं घातलं.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “अख्ख्या शाळेची नावं मला तोंडपाठ होती हो. आता स्वतःची वस्तू कुठे ठेवली, ते आठवत नाही. दातांचं राहू द्या. मला डोक्याची भीती वाटायला लागलीय.”

बाईंचा आवाज असा कापलेला लेकीनं कधी ऐकला नव्हता. ती उठून आईजवळ जाऊन बसली.

‘खालचा कप्पा’ हे दोन शब्द मात्र जावईबापूंच्या डोक्यात शिरले आणि आत जाऊन काहीतरी धडाधड कोसळू लागलं. “आलोच,” म्हणून ते न्हाणीघरात गेले, चष्मा लावला, तोंडातला साचा काढला. (तो वाटच पाहत असल्यासारखा निघाला.) साच्याच्या कडेला बारीक अक्षरं कोरलेली होती. ती त्यांच्या नावाची नव्हती.

मग एक सोपी वाट सुचली. साचा खसखसून धुवायचा, डबीत घालायचा, कपाटामागे टाकायचा आणि ओरडायचं, “आई, सापडला!” बाई खूश, आपली अब्रू शाबूत, कुणाला पत्ता नाही. त्यांनी नळ सोडलाही. पण मग कपाटामागे डबी कुणी टाकली, असं बाई स्वतःलाच विचारत बसणार, आणि उत्तर ‘मीच’ असंच येणार. ती भीती घेऊन त्या या घरात वावरणार. जावईबापूंनी नळ बंद केला. साचा तळहातावर घेऊन ते बाहेर आले, आणि वर्गासमोर गृहपाठ न केलेल्या मुलासारखे उभे राहिले.

“आई, तुमची आठवण ठणठणीत आहे. तुमचा साचा हरवला नव्हता.”

“मग कुठे होता?”

“माझ्या तोंडात.”

बायकोनं त्या साच्याकडे बघत विचारलं, “कधीपासून?”

“रविवारपासून. कप्पे मीच बदलले आणि मीच विसरलो.”

“म्हणजे मी विसरले नाही?” बाईंनी खात्री करून घेतली.

“तुम्ही काहीच विसरला नाहीत.”

बाईंनी डोळे मिटले. एक मोठा सुस्कारा सोडला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. लेक घाबरली, तिला वाटलं आई रडतेय. पण बाई हसत होत्या, चांगलं तोंड उघडून, खदाखदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दात अजून पुरते सरळ झालेले नव्हते, पण त्याचं त्यांना भानच नव्हतं. “लोण्यासारखा बसला म्हणे!” एवढंच त्या मधूनमधून म्हणत आणि पुन्हा सुरू होत. जावईबापूंना इतकं हलकं वाटलं, की तेही हसले. पण लगेच थांबले, कारण हिरड्या ठणकत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिघंही दवाखान्यात गेली. डॉक्टरनं सगळी हकीकत ऐकली आणि काही वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिनं बाईंचे दात तपासले. त्यांचं काही बिघडलं नव्हतं. आणखी थोडे दिवस जुनाच साचा घालायचा, तोवर नवा बनवून येईल. मग ती जावईबापूंकडे वळली आणि तिनं बराच वेळ आरसा फिरवला.

“तुम्हाला एक साचा मागे जावं लागेल,” ती म्हणाली. “दात जरा सरकलेत, पण भलतीकडे.”

“भलतीकडे म्हणजे कुठे?” जावईबापूंनी काळजीनं विचारलं.

“काही दिवसांचंच होतं म्हणून बरं. असेच चार-सहा महिने घातले असते, तर तुमचे दात थेट सासूबाईंवर गेले असते.”

बायको खुर्ची पुढे ओढून म्हणाली, “मग घालू द्या की डॉक्टर त्यांना तेच साचे. फक्त असर डोक्यापर्यंत पोचेल असं काही करता येतं का, तेवढं बघा.”