आत्याची साक्ष

"या अधिवेशनात मृत्युपत्र नोंदणीचं विधेयक पास झालं नाही, तर एका बाजूची मिशी उतरवीन!" तातडीसाहेबांनी जेवणाच्या सुट्टीत जाहीर केलं. त्यांना मिशी नव्हती, त्यामुळे पैज तशी बिनधोक होती.

तातडीसाहेब म्हणजे संसदेच्या नियोजन समितीचे कक्ष अधिकारी. दिसेल त्या फायलीवर ‘तातडीचे’ असा शिक्का मारायची खोड, म्हणून हे नाव पडलं. समितीचं काम एकच, नियोजन खात्याचे कान उपटायचे. आणि खात्याचं काम, ते उपटून घेऊन पुन्हा कुशीवर वळायचं! लोकांनी मृत्युपत्रं नोंदवावीत, त्यासाठी गावोगावी खिडक्या उघडाव्यात, असं ते विधेयक. खिडक्यांचा आराखडा खात्याने करायचा. तो इतकी वर्षं चालला होता की, विधेयकाचा मसुदा लिहिणारा गृहस्थ स्वतःच मृत्युपत्र न करता वर गेला!

तातडीसाहेबांची तळमळ काही देशासाठी नव्हती. त्यांना मूलबाळ नसलेली एक आत्या होती, आत्याचं भर बाजारपेठेत तीन खोल्यांचं घर होतं, आणि त्या घरावर चार भाच्यांचे मिळून आठ डोळे होते. सगळ्यांत लाडके आपणच, याबद्दल साहेबांना तिळमात्र शंका नव्हती. धास्ती एवढीच, की साध्या कागदावरचं मृत्युपत्र बाकीचे तिघं कोर्टात नेऊन त्याच्या चिंध्या करतील. नोंदणी झाली की त्यांची तोंडं बंद!

आणि समितीला तर कुणालाही साक्षीला बोलावता येतं. मग गांजलेली नागरिक म्हणून आत्याच का नको?

"काय बोलायचं ते सांगून ठेव बाबा," आत्या म्हणाली.

"एवढंच म्हण, कायदा नाही म्हणून माझ्या जिवाला घोर लागलाय."

"लागलाय खरा."

"शाब्बास!"

बैठकीच्या दिवशी लांबलचक टेबलाभोवती सगळी पिकली डोकी जमली. अध्यक्षांनी नियोजन सचिवांना फैलावर घेतलं.

"सचिवसाहेब, कासवाने तुमच्याकडे शिकवणी लावावी! आता कुठं अडलंय?"

"खिडकीवर ऊन कुठल्या बाजूने येईल, त्याचा अभ्यास चालू आहे, साहेब."

"अहो, लाज वाटू द्या! बोला बाई, तुम्हीच सांगा यांना."

आत्याने पदर सावरला. "साहेब, कायदा नाही म्हणून जिवाला घोर आहे."

तातडीसाहेबांची मान डोलली.

"पण कायदा येतोय असं ऐकल्यापासून जास्तच आहे!"

मान डोलता डोलता मध्येच अडकली.

"असं बघा," आत्या खुर्चीत आरामात बसत म्हणाली, "घर कुणाला, ते आज कुणालाच ठाऊक नाही. म्हणून थोरला मला दवाखान्यात नेतो, दुसरा किराणा भरतो, तिसरा तासभर गप्पा मारतो. आणि हा चौथा!" बोट थेट तातडीसाहेबांवर. "हा फळं आणतो. खातो स्वतःच, पण आणतो! एकदा का नोंद झाली, की ज्यांना घर मिळालं नाही ते तिघं फिरकायचे नाहीत."

"आणि ज्याला मिळालं तो?" एका सदस्याने विचारलं.

"तो कशाला तडफडायला येतोय? त्याचं काम झालं की!"

टेबलाभोवती कुणी छताकडे बघायला लागलं, कुणी नखांकडे. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, माझे दोन मुलगे. मागेच वकिलाकडे सगळं लिहून दिलं. दोघांनाही माहीत आहे."

"मग येतात का?"

अध्यक्षांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"लिहिलेलं रद्द करता येतं हो," आत्या हळूच म्हणाली.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी दिवा लागला. ते गर्रकन सचिवांकडे वळले. "काय हो, या विधेयकाची एवढी घाई कुणाला झालीय?"

"कुणालाच नाही साहेब! खात्याचं पहिल्यापासून तेच धोरण आहे!"

झालं! दिरंगाईबद्दल खात्याचं एकमताने अभिनंदन झालं, विधेयक सखोल फेरविचारासाठी परत गेलं, आणि तो ठराव सुवाच्य अक्षरात लिहून काढायची पाळी आली तातडीसाहेबांवर!

परतताना टॅक्सीत त्यांना राहवेना. "आत्या, अगं काय करून बसलीस! आता घराचं काय?"

"देईन ना रे. कायदा होऊ दे, रीतसर नोंदवूनच देईन. कच्चं काम मला नाही आवडत. बरं, रविवारी येशील तेव्हा नळाला वायसर घेऊन ये. थेंब थेंब गळतोय."

रविवारी सकाळी तातडीसाहेब निमूटपणे हार्डवेअरच्या दुकानात हजर झाले. तिथे इस्त्रीच्या कपड्यांतले दोन गृहस्थ हमरीतुमरीवर आले होते.

"बाबांच्या नळाचं मी बघणार!"

"इतके दिवस कुठं होतास? मी बघणार!"

साहेबांनी ओळखलं. अध्यक्षांचे चिरंजीव! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघांनीही माना खाली घातल्या.

दुकानदाराने रिकामा खोका उपडा करून दाखवला. "वायसर संपले, साहेब! हल्ली झालंय तरी काय? गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांचे नळ एकदमच गळायला लागलेत!"