पाऊण इंचाचा घोळ

वेंडेल पिकेटच्या गाडीतून टिकटिक ऐकू यायला लागली. ती तालात नव्हती, आणि टिकटिकीपेक्षा त्याचाच त्याला जास्त त्रास झाला. बे सिटीच्या हायस्कुलात त्याने एकतीस वर्षं बँड शिकवला होता. साठ पोरं एकदम वाजवत असली तरी कुणाची क्लॅरिनेट घसरली, ते तो पाठमोरा उभा राहून सांगत असे. गॅरेजात गाडी चालू करून त्याने डोळे मिटले, मान कलती केली आणि बोट उचललं.

"डावीकडून. मागून दुसरं."

"डॉक्टरकडे नेऊया का?" त्याची बायको डोरीन दारातून म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. ती घरीच लग्नाच्या पोशाखांची फिटिंग करून देत असे आणि जूनमध्ये तिला श्वास घ्यायलाही फुरसत नसे.

वेंडेलने बॅटरी मारून पाहिलं. इंजिनाच्या डाव्या कुशीला धूर गोळा करणारा बिडाचा जाड तुकडा असतो, तो उभा चिरला होता.

एरवी एवढं काही बिघडलं नसतं. पण ही गाडी अजून पुरती त्याची झालेली नव्हती. सत्तर सालची हिरवीगार शेव्हेल, मोठ्या इंजिनाची. ती मूळची त्याच्या सासऱ्यांची, कॅझ व्रोबेल यांची. म्हातारबुवांनी उभी हयात कारखान्यात ओतकाम केलं होतं. नाताळात त्यांनी गाडीची किल्ली जावयाच्या हातात ठेवली, पण अट घालून. "जूनच्या चौदा तारखेला मला नव्वद पुरी होतील. त्या दिवशी पार्कात गाडी आपल्या चाकांवर चालत आली, तर तुझी. ओढून आणावी लागली, तर लेनीची."

लेनी हा डोरीनचा धाकटा भाऊ. छपरं घालायचा त्याचा धंदा. त्याच्याकडे त्याच जातीची बहात्तर सालची केशरी गाडी होती आणि ती बक्षिसं मिळवत असे. नवी बातमी कळल्याबरोबर तो आला, चिरलेला तुकडा पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"मास्तर, हे बीड टाका काढून. हेडर बसवा हेडर! चार नळ्या इकडे, चार तिकडे. असा आवाज निघेल की शेजारी उठून उभे राहतील."

"चारही नळ्या सारख्या लांबीच्या असतात का रे?"

"असतील. का?"

"नाही, म्हणजे प्रत्येकाचा श्वास आपापल्या वेळी बाहेर यायला हवा. एकाच्या श्वासावर दुसऱ्याने चढायचं नाही." वेंडेलचे डोळे चमकायला लागले होते. "ट्रॉम्बोनसारखंच की हे!"

"हो हो, तसंच," लेनी म्हणाला, आणि जाता जाता गॅरेजच्या दाराची रुंदी पावलांनी मोजून गेला. ओढून न्यायचा गाडा आत शिरेल की नाही, ते त्याला पाहायचं होतं.

वेंडेलने दुकानाची जाडजूड यादी मागवली आणि तीन रात्री जेवणाच्या टेबलावर तीच उघडी राहिली. यादी प्रश्न विचारत होती. इंजिन लहान की मोठं? ठिणगीचे प्लग सरळ की तिरपे? गियर हाताने टाकता की आपोआप पडतात? स्टिअरिंगला पंपाची मदत आहे की नाही? मुलीचं लग्न ठरवतानासुद्धा इतकी चौकशी झाली नव्हती. प्रत्येक प्रश्नाला तो उठून गॅरेजात जाई, गाडीखाली शिरे, आणि उत्तराऐवजी नवाच प्रश्न घेऊन वर येई.

"डोरीन, लांब नळ्या जोर वाढवतात, पण स्पीडब्रेकरला घासतात. आखूड घासत नाहीत, पण जोर कमी. हे का होत असेल?"

"बाही लांब घेतली की कढईत बुडते," डोरीन म्हणाली. "आखूड घे."

त्याने लांब घेतल्या. लेनी म्हणाला होता म्हणून.

पेटारा आला. उजव्या बाजूच्या नळ्या पहिल्याच फटक्यात जागेवर गेल्या. डाव्या बाजूच्या मात्र जाईनात. वरून घातल्या तर तिसरी नळी स्टिअरिंगच्या पेटीवर आपटे, खालून घातल्या तर क्लचच्या दांड्यात अडके. वेंडेलने अडीच तास त्या फिरवून पाहिल्या. कुलपात चुकीची किल्ली अडकलेल्या माणसासारखा तो दर दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी.

"कंपनीवाले काय वाटेल ते पाठवतात," लेनी फोनवर म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच दुःखी होता.

लांब नळ्या परत गेल्या आणि दुसऱ्या दुकानातून आखूड आल्या. याही उजवीकडे बसल्या आणि डावीकडे अडल्या. या वेळी अडायचं कारण फक्त बोटाएवढं होतं. वेंडेलने यादी पुन्हा वाचली. साल बरोबर, इंजिन बरोबर, प्लग, गियर, स्टिअरिंग, सगळंच बरोबर. मग का बसत नाही? हा 'का' आता त्याच्या डोक्यात टिकटिकीसारखा वाजू लागला. तो चर्चमध्ये प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पाठीवर स्टिअरिंगची पेटी काढत बसला.

लेनी हातोडा घेऊन आला. "अहो, सगळेच ठोकतात. नळीला एक पोचा पाडायचा, की झालं काम."

"वाद्याला पोचा?" वेंडेल नळ्या छातीशी धरून मागे सरला.

"वाद्य नाही हो हे, धुराडं आहे!"

"पोचा पाडला तर त्या नळीचा सूर बदलेल. आणि आपल्याला कळायला नको, ती बसत का नाही ते?"

"कळून काय करायचंय? शनिवारी बाबांचा वाढदिवस आहे. आज मंगळवार."

पण वेंडेलला कळूनच घ्यायचं होतं. नळी अडते ती स्टिअरिंगच्या पेटीमुळे, म्हणून त्याने पेटी सैल केली. पेटी सरकेना, म्हणून तिचा दांडा काढला. दांड्याला हात पुरेना, म्हणून क्लचचा सांधा सोडला. खालून नीट दिसावं म्हणून स्टार्टर उतरवला आणि स्टार्टर येतो तिथे तेलाचा फिल्टर आडवा येतो, म्हणून तोही. बुधवारी दुपारपर्यंत निम्मी गाडी जमिनीवर ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येक भागाखाली त्याने सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती. गल्लीतली मंडळी कॉफीचे पेले घेऊन प्रदर्शनाला यावीत तशी येऊन जात होती. समोरचा निवृत्त दंतवैद्य पकडीने एक बोल्ट उचलून म्हणाला, "हा मी असतो तर काढलाच नसता."

नळी मात्र अजून बोटभर अडतच होती.

गुरुवारी सकाळी डोरीन गॅरेजात आली ती भांडायलाच. तिचं इस्त्रीचं टेबल दोन दिवस बेपत्ता होतं. ते स्टार्टरखाली सापडलं.

"वेंडेल, आज तीन नवऱ्या यायच्यात माझ्याकडे. मी इस्त्री कशावर करू? तुझ्या पाठीवर?"

"एक मिनिट. फक्त बॅटरी धर इथे."

तिने बॅटरी धरली. समोर उभी राहून, डोळे बारीक करून ती इंजिनाकडे बघू लागली. पांढरे झगे घातलेल्या मुलींकडे ती अशीच बघत असे.

"हे वाकडं आहे."

"ते मुद्दामच जरा उजवीकडे सरकवलेलं असतं. स्टिअरिंगला जागा म्हणून. यादीत लिहिलंय."

"सरकलेलं नाही म्हणत मी. वाकडं म्हणतेय. डावा खांदा उतरलाय बघ याचा. अशा मुलीला तू कितीही चांगली बाही शिव, ती काखेत ओढणारच." तिने गळ्यातली टेप काढली, एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दोन्ही बाजूंनी चौकटीपासूनची उंची मोजली. "उजवीकडे बघ. आता डावीकडे. पाऊण इंच कमी आहे."

वेंडेल टेपकडे बघतच राहिला. तीन आठवडे त्याने नळ्या मोजल्या होत्या, पेटी मोजली होती, यादीतले आकडे पाठ केले होते. ज्याला नळ्या लावायच्या ते इंजिन मोजायचं त्याला सुचलंच नव्हतं.

त्याने जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि इंजिन डावीकडून हलकेच उचललं. ते निमूट वर आलं, जणू कुणी विचारण्याचीच वाट बघत होतं. ज्या जाड रबरावर इंजिनाने टेकायचं, ते तिथे नव्हतंच. त्याच्या जागी काहीतरी काळं कोंबलेलं होतं. वेंडेलने स्क्रूड्रायव्हरने ते सोडवलं. टप्पकन खाली पडलं. अर्धचंद्राच्या आकाराचं, करवतीने मधोमध कापलेलं, तेलाने माखलेलं.

"हे काय आहे?" तो कुतूहलाने म्हणाला. "रबर आहे. पण असं रबर..."

डोरीनने चिंधीने ते पुसलं. चंदेरी रंगातली अक्षरं वर आली: वर 'नी', मध्ये 'गोल', खाली 'त्र्याऐंशी'. तिने ते दोनदा वाचलं आणि इस्त्रीच्या टेबलावर टेकली.

"लेनीची पक."

"कुठली पक?"

"कुठली काय विचारतोस! शाळेच्या बर्फावरच्या हॉकीत लेनीने शेवटच्या मिनिटाला गोल मारला, त्या खेळातली चकती. शेल्फवर ठेवायचा देवासारखी. ती हरवली आणि आळ आला माझ्यावर. मी झाडलोट करताना टाकली म्हणे! चाळीस वर्षं, वेंडेल. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापली की तो म्हणतो, ताईच्या झाडूपासून सगळं जपून ठेवा."

"म्हणजे बाबांनी..."

"दुसरं कोण गाडीखाली शिरत होतं तेव्हा?" ती उठली. डोळ्यात पाणी होतं, पण ते बहुधा आनंदाचं असावं. "शनिवारी ही मी लेनीच्या ताटात वाढणार आहे."

"बाबांचा वाढदिवस आहे गं. नव्वदावा. त्यांना कसं वाटेल?"

"चाळीस वर्षं मला कसं वाटलं?"

वेंडेलने हात पुसले. तो गावातल्या दुकानात गेला. खरं रबर काउंटरमागेच, च्युइंगमच्या खोक्याशेजारी पडलेलं होतं. यादी नाही, चौकशी नाही. त्याने दोन्ही बाजूंना नवी रबरं बसवली, इंजिन खाली सोडलं आणि आखूड नळ्या हातात घेतल्या. जुन्या चपलेत पाय जावा तशा त्या जागेवर गेल्या. त्या एवढ्या सहज गेल्याचं वेंडेलला इतकं वाईट वाटलं की त्याने त्या काढून पुन्हा एकदा घातल्या.

शुक्रवार सगळा चिठ्ठ्या वाचत सुटे भाग परत जोडण्यात गेला.

शनिवारी दुपारी नदीकाठच्या पार्कात व्रोबेल मंडळी जमली होती. विस्तवावर पोलिश सॉसेज तडतडत होते. लेनीने गवताच्या कडेला आपली केशरी गाडी लावली होती आणि तिच्या मागे रिकामा गाडा. साखळ्याही पुसून आणल्या होत्या. तेवढ्यात लांबून आवाज आला. खोल, भरलेला, एकामागून एक आठही श्वास आपापल्या वेळी. हिरवी शेव्हेल झाडांखालून आली आणि कॅझच्या खुर्चीसमोर थांबली.

म्हाताऱ्याने हात कानामागे धरून ऐकलं. "बंद करू नकोस," ते म्हणाले. आणखी मिनिटभर ऐकलं. मग मान डोलावली. "चालत आली. तुझी."

लेनीने आपल्या रिकाम्या गाड्याकडे पाहिलं, मग मोठ्या मनाने हात पुढे केला. "मास्तर, मानलं! ठोकल्या ना शेवटी?"

"नाही. इंजिन उतरलं होतं डावीकडे."

"का बरं?"

वेंडेल बायकोकडे बघू लागला. डोरीनने कागदी ताटलीत बटाट्याच्या सॅलडशेजारी ती अर्धी चकती ठेवली आणि ताटली भावासमोर सरकवली.

लेनीने आधी काटा टोचून पाहिला. मग अक्षरं वाचली. अठ्ठावन्न वर्षांचा तो धिप्पाड गडी सतरा वर्षांच्या पोरासारखा दिसू लागला.

"ही... कुठे मिळाली?"

"इंजिनाखाली," डोरीन म्हणाली. "माझ्या झाडूला नाही मिळाली."

सगळ्यांच्या माना म्हाताऱ्याकडे वळल्या. कॅझ सॉसेज चावत होते. त्यांनी घाई केली नाही.

"रबर तुटलं होतं," ते म्हणाले. "रविवार होता. दुकान बंद. सोमवारी पहाटेची पाळी. शेल्फवर ही दिसली. टणक होती."

"बाबा, तो माझा विजयी गोल होता!"

"म्हणूनच. दुसरं काही चाळीस वर्षं टिकलं असतं का?"

लेनीने चकती तळहातावर घेतली. बराच वेळ अंगठा फिरवत राहिला. मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "ताई, चुकलं माझं." एवढ्या हळू, की डोरीनने त्याला दोनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदाही लावलं असतं, पण तिला हसू आवरेना.

"ठीक आहे," लेनी नाक ओढून म्हणाला. "निम्मी तर निम्मी. मिळाली हेच खूप. दुसरी निम्मी कुठे फेकलीत, बाबा?"

"फेकीन कशाला? चांगलं रबर." म्हाताऱ्याने ओठ पुसले. "तू त्याच उन्हाळ्यात ती केशरी आणलीस ना? तिचंही डावं रबर गेलेलं होतं. म्हटलं, मुलीच्या घरी एक गाडी जायची, मुलाकडे एक राहायची. नंतर भांडण नको. सारखी वाटणी केली."

लेनीने आपल्या बक्षिसवाल्या गाडीकडे पाहिलं. मग तो उठला, कडक इस्त्रीचा शर्ट तसाच असू दिला, आणि गवतावर उताणा होऊन केशरी गाडीखाली शिरला. बाहेर नुसते बूट राहिले.

"दिसतेय का?" वेंडेलने वाकून विचारलं. त्याला राहवत नव्हतं.

खालून काहीतरी खुडबुडलं. मग लेनीचा घोगरा आवाज आला.

"मास्तर, तुमचा जॅक आणलाय का?"