मुंजाभाऊंचं 'हालू नका'

जिंतूरच्या बसस्टँडसमोर उभं राहून कुणी नुसतं "हालू नका!" असं ओरडलं, तर त्या काळी निम्मा रस्ता जागच्या जागी थिजायचा. पेरूवाली बाई तराजू धरून, रसवंतीवाला चरकात ऊस घालता घालता, आणि मी, चाळिशीला आलेला शाळामास्तर, हातातली भाजीची पिशवी तशीच अधांतरी धरून. सवयच लागली होती हो सगळ्यांना! आणि ही सवय लावणारा माणूस म्हणजे आमचे शेजारी, मुंजाभाऊ शूटिंगवाले.

मुंजाभाऊ मूळचे फोटोवाले. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ. मागं डोंगर आणि तळ्याचा रंगवलेला पडदा, पुढं एक लाकडी खुर्ची. खरा डोंगर गावाबाहेर पाऊण कोसावर उभा, तरी माणसं त्या पडद्यापुढंच फोटो काढून घ्यायची. डोक्यावर काळं फडकं घ्यायचं, हात वर करायचा आणि दरडावायचं, "हालू नका!" फोटोत माणूस हालला की फोटो हालला, हे आम्हालाही कळतं. तिथवर आमची काही तक्रार नव्हती.

पण पुढं लग्नात शूटिंग करायची टूम निघाली. ज्याच्या त्याच्या मांडवात मोठा लाईट लागायला लागला. मुंजाभाऊंनीही काय काय विकून खांद्यावर घ्यायचा भला थोरला कॅमेरा आणला. कॅमेरा बदलला, तोंड तेच राहिलं.

"अहो मुंजाभाऊ," मी एकदा समजावून सांगितलं, शाळेत पोरांना सांगतो तसं, "हे शूटिंग आहे. यात माणसं हालली पाहिजेत. चालली पाहिजेत, हसली पाहिजेत. त्यासाठीच तर हे यंत्र काढलंय."

"हालले की बिगडतंय, गुर्जी."

"काय बिघडतं?"

"माणूस बिगडतंय," ते म्हणाले आणि कॅमेरा पुसायला लागले. कपाळ!

त्यांच्या कॅसेटमध्ये मांडवातली तीनशे माणसं तीन तास पुतळ्यासारखी उभी असायची. गावात व्हीसीआर भाड्यानं देणारा एक जण होता. तो आधीच विचारून घ्यायचा, "कॅशेट मुंजाभाऊची हाय का? मंग व्हीसीआरला बुक्क्या मारू नका. ते अडकलेलं नसतंय, ते तसंच असतंय." तरी लोक मारायचेच. कुणाच्या तरी डोक्यावरची माशी उडाली की मगच खात्री पटायची की कॅसेट चालू आहे.

एसटीनं कुठं जायचं असलं तर मुंजाभाऊ कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट काढायचे आणि त्याला खिडकीशी बसवायचे. स्वतः मात्र उभे. एकदा मी पूर्णेपर्यंत त्यांच्याबरोबर उभा गेलो, कारण रिकाम्या जागेवर कॅमेरा बसला होता. कंडक्टरनं मला विचारलं, "गुर्जी, तुमी उभे आन् हे सामान बसलेलं, कसं काय?" मी काय सांगू? म्हणालो, त्याचं वय झालंय.

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरासाठी सारखे मोर्चे निघायचे. एकदा मोर्चा स्टँडवरून चालला होता, घोषणा चालू होत्या. मुंजाभाऊ खांद्यावर कॅमेरा घेऊन दुकानातून पळत आले, थेट मोर्चापुढं उभे राहिले आणि हात वर करून गरजले, "हालू नका!" पुढची रांग सवयीनं थांबली. मागची तिच्यावर आदळली. माझ्याच शाळेतले कांबळे सर पुढं झेंडा धरून होते. ते म्हणाले, "मुंजाभाऊ, न हालता मोर्चा कसा व्हायचा? हालायसाठीच तर निघालोत आमी!" सगळा मोर्चा खदखदून हसला. मुंजाभाऊ तेवढे हसले नाहीत. "चेहरे येऊ द्या की नीट," एवढंच पुटपुटत बाजूला झाले.

आणि दुकानाची शोकेस! फोटोवाला शोकेसमध्ये आपलं उत्तमातलं उत्तम काम लावतो. मुंजाभाऊंनी अगदी मधोमध, सगळ्यात भारी चौकटीत, एक हाललेला फोटो लावला होता. पाच-सहा वर्षांची कुणी पोरगी असावी. फ्रॉक तेवढा कळायचा, तोंडाच्या जागी नुसता पांढरा फराटा. मी दहा वेळा सांगितलं, "तो फोटो काढा तिथून. गिऱ्हाईक काय म्हणेल?" ते दर वेळी म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या." मला वाटायचं, लोकांना धाक घालायला लावलाय. बघा, हालल्यावर असं होतं!

एवढं सगळं माहीत असूनही माझ्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग मी त्यांनाच सांगितलं. शेजारधर्म, दुसरं काय! आणि तेच मला भोवलं.

शोभा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, आबांनी, आमच्या वडलांनी, तिला एकट्यानं वाढवलं. स्थळ जिंतूरचंच मिळालं, लग्न इथंच माझ्या दारात ठरलं. पत्रिका वाटून झाल्या आणि तिकडं आमच्या गावी, राणीसावरगावला, आबांच्या एका अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, पण खाटेवरून उठणं संपलं. मी म्हणालो, लग्न पुढं ढकलू. आबा जड जिभेनं म्हणाले, "तारीख मोडायची न्हाई. मला फकस्त दाखव. पोरीचं लगीन दाखव मला."

म्हणजे ती कॅसेट आबांसाठी होती. बाकी कुणी बघो न बघो. मी मुंजाभाऊंच्या दुकानात जाऊन अक्षरशः हात जोडले.

"मुंजाभाऊ, एवढ्या एका लग्नात कुणालाही 'हालू नका' म्हणू नका. आबांना लग्न दिसलं पाहिजे. चालतं-बोलतं लग्न. ते आता किती दिवसांचे सोबती, कुणास ठाऊक."

"नजर हाय का साबूत?" त्यांनी विचारलं.

"नजर आहे हो. माणूस ओळखायला वेळ लागतो. कुणी भेटायला येतं, खाटेजवळ बसतं, बोलतं, उठून जातं. ते दाराबाहेर पडल्यावर आबांना नाव आठवतं. मग रिकाम्या दाराकडं बघून नाव घेत बसतात."

"किती येळ लागतो?"

"आता काय घड्याळ लावून बसू का मी?" मी वैतागलो. "दोन-तीन मिनिटं लागतात."

"बरं," ते म्हणाले. "तुमी काळजी करू नका, गुर्जी."

मी काळजी केली नाही. गाढवपणा माझा!

लग्नाच्या दिवशी मुंजाभाऊंनी आल्या आल्या मोठा लाईट माझ्याच हातात दिला. "दुसऱ्याचा हात कापतो," म्हणाले. नवरीचा सख्खा भाऊ मी, पाहुण्यांचं बघायचं सोडून कान भाजत लाईट धरून उभा! आणि वरात दारात आली तशी पहिली आरोळी उठली, "हालू नका!"

बॅन्डवाले पिपाणी तोंडात धरून थांबले. नवरदेव घोड्यावरून एक पाय खाली टाकून तसाच लोंबकळत राहिला. मी दात-ओठ खात म्हणालो, "मुंजाभाऊ! काय ठरलं होतं आपलं?" ते कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाले, "लाईट हालायलाय तुमचा."

मांडवात तर कहर झाला. भटजींनी "सावधान" म्हणायला आणि यांनी "हालू नका" म्हणायला एकच गाठ पडली. अंतरपाट धरणारे दोघं तो अर्धा खाली करून थांबले. तीनशे लोक अक्षतांच्या मुठी वर करून उभे. भटजी ओरडले, "अहो, मुहूर्त हालायलाय तिकडं!" पण मुंजाभाऊ एकेका पाहुण्यासमोर जाऊन उभे राहत होते. आत्यासमोर, मामासमोर, आमच्या गावच्या किसन न्हाव्यासमोर. आणि मधूनच मनगटावरच्या घड्याळात बघत होते. मला वाटलं, कंटाळलेत, जायची घाई झालीय. माझा इतका संताप झाला की लाईट फेकून द्यावा आणि डोंगरावर निघून जावं!

पंगतीतही तेच. तोंडात बुंदी घेऊन माणसं बसलेली, गिळायची चोरी. पाठवणीच्या वेळी शोभा रडत गाडीकडं निघाली, तर हे आडवे. "बाई, थांब. कॅमेऱ्याकडं बघ. हालू नको." ती बिचारी हुंदका दाबून उभी राहिली. व्याही माझ्याकडं बघायला लागले. मी जमिनीकडं.

चार दिवसांनी कॅसेट आली. मी घरी लावून बघितली आणि डोकं धरून बसलो. पुतळे! नुसते पुतळे! सबंध लग्नात हालत होती ती एक शेळी. मांडवाच्या खांबाला बांधलेली केळ ती निवांत खात होती.

मी तडक दुकानात गेलो. "मुंजाभाऊ, मी उद्या राणीसावरगावला चाललोय. आबांना काय दाखवू? शेळी?"

"मी बी येतो संगं," ते म्हणाले.

"याच!" मी म्हणालो. "या आणि माझ्या बापापुढं उभं राहून तुम्हीच जाब द्या."

गंगाखेडहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं घेतला. दुपारी आमच्या घरात गाव गोळा झालं. आबांचं सगळं बघणाऱ्या काकूनं त्यांना उशीला टेकवून बसवलं. लुळा हात मांडीवर पडलेला आणि चांगला हात सारखा लटपटणारा. कॅसेट सुरू झाली. पडद्यावर आत्या, मूठ वर करून उभी. काही हालेना. मागून कुणीतरी म्हणालं, "अडकली का काय?" आणि एक जण व्हीसीआरला बुक्की मारायला उठलाच.

"बस खाली," मुंजाभाऊ हळूच म्हणाले.

आबा बघत होते. एक मिनिट गेलं. दीड गेलं. मग आबांचे ओठ हालले.

"शांता," ते म्हणाले. "शांता हाय. वाळली की गं."

आत्या अजून पडद्यावर उभीच होती. कुठंही गेली नव्हती. आबा तिच्याकडं बघून हसले, आणि मग पडद्यावर मामा आला. पुन्हा तितकाच वेळ. "ह्यो... ह्यो दगडू. दगडूच हाय!" मग किसन. "किसन्या, लेका, तू बी गेलतास!" दाराशी उभा असलेला खरा किसन न्हावी डोळे पुसायला लागला. गेल्या महिन्यात तो तीनदा भेटून गेला होता, आणि तिन्ही वेळा आबांनी त्याचं नाव तो गेल्यावर घेतलं होतं.

माझं मनगटावरच्या घड्याळाकडं लक्ष गेलं. एकेक माणूस मोजून अडीच-तीन मिनिटं उभा होता. मी मान वळवून मुंजाभाऊंकडं बघितलं. ते कोपऱ्यात कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते, टीव्हीकडं न बघता, आबांच्या तोंडाकडं बघत.

आबांनी एकूण एक माणूस ओळखला. "ती शेळी कुणाची?" असंही विचारलं. शेवटी शोभा आली. समोर बघत उभी. सगळी स्तब्ध, गालावरून पाणी तेवढं ओघळत होतं. तिला ओळखायला आबांना एक क्षणही लागला नाही. तरी ती तीन मिनिटं त्यांच्यासमोर उभी राहिली. पोटभर बघून घेतलं त्यांनी.

मी उठून बाहेर ओट्यावर आलो. मला रडू आवरेना, खोटं कशाला सांगू! मुंजाभाऊ मागोमाग आले.

"माफ करा," मी म्हणालो. "मी तुम्हाला नाही नाही ते बोललो."

"तुमची उभी ऱ्हायली, गुर्जी," ते म्हणाले. "शान्यासारखी उभी ऱ्हायली. माझी हालली."

मला कळेना.

"शोकेसमधली. आमची कमल. त्या दिवशी लय हसायलती. हालू नको म्हणायचं जिवावर आलं माझ्या. म्हणलं, हसू दे, उद्या काढू परत." ते कॅमेऱ्याचा पट्टा बोटांनी चोळत राहिले. "राती ताप भरला. तीन दिसांत गेली. लोकांचे हजार फोटो काढले मी, आन् घरात तिचा तेवढा एकच. आता तिची आई बी इचारती, नाक कसं होतं हो तिचं? मलाच आठवत न्हाई."

ज्या फोटोला मी दहा वेळा नावं ठेवली होती, तोच हा.

आतून काकूनं हाक मारली. आबा मुंजाभाऊंना बोलवत होते. आम्ही आत गेलो. "माझं बी काढा," आबा म्हणाले. "पोरीला दाखवा."

मुंजाभाऊंनी कॅमेरा खांद्यावर घेतला, लाईट माझ्या हातात दिला. काकूनं आबांच्या डोक्याला पटका बांधला. आबा ताठ बसले. जिंतूरची रीत त्यांनी आताच तीन तास बघितली होती. श्वास धरला, नजर समोर लावली. पण तो चांगला हात लटपटायचा थांबेना. त्यांनी तो मांडीखाली दाबून बघितला, तरी खांदा हालायला लागला. आबा ओशाळले. कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "थांबा वाईच. थांबंना ह्यो."

मुंजाभाऊंनी डोळा कॅमेऱ्यालाच ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, आबा," ते म्हणाले. "काढा हात बाहीर. हालू द्या."